सासूबाईंना अलास्काहून काय लिहू?

मागच्या महिन्यात या प्रश्नोत्तरांच्या सदरात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की २०१४च्या जूनमध्ये लेकीबरोबर अलास्काच्या बोटीने गेले तेव्हा रत्नागिरीला अक्काला रोज कागदावर पत्र लिहीत होते. त्या एका वाक्याने ही ‘टपालपेटी’ भरून वाहिली. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, शेवटची अकरा एका खेड्यात पोस्टमास्तरीण म्हणून. पण स्वतःच्या नावावर इतकी पत्रं कधी आली नव्हती. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : काकू, नमस्कार. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं सिअॅटलला मुलाकडे जाणार आहोत. तिथून बेलिंगहॅम ते स्कॅगवे असं सरकारी फेरीबोटीने जायचं ठरलंय. सासूबाई ८३ वर्षांच्या, त्या इथे मिरजेत नणंदेपाशी राहतील. ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. मोबाइलवरचे फोटो ‘चकाकतात’ म्हणून बघत नाहीत. पण भिंग घेऊन पेपर रोज वाचतात. माहेर त्यांचं वेंगुर्ल्याचं. मला त्यांना पत्र लिहायचंय. शेवटचं पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, सहलीचं वर्णन करणारं. आता लिहायला बसले की तेच शब्द येतात : निसर्गरम्य, विहंगम, डोळ्यांचं पारणं फिटलं. काय लिहू? आणि रानावनातून जाणाऱ्या बोटीवरून पत्र टाकतात तरी कुठे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. माहेर वेंगुर्ल्याचं.

त्यांच्या लहानपणी वेंगुर्ल्याहून मुंबईला जायचं म्हणजे बोट. मालवण, देवगड, विजयदुर्ग, मुसाकाजी, रत्नागिरी, जयगड, दाभोळ असं एकेक बंदर घेत जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, मग खलाशी हाताला धरून वर ओढायचे. डेकचं तिकीट काढलेल्यांनी वळकटी पसरून जागा धरायची आणि बोट लागली की लिंबू हुंगत पडून राहायचं. तुमच्या सासूबाई यातून गेलेल्या असणार. त्यांना समुद्र कसा असतो ते सांगायच्या भानगडीत पडू नका. त्यांना विचारा.

तुम्ही ज्या बोटीने जाणार ती क्रूझपेक्षा आपल्या कोकण बोटीच्या जास्त जवळची आहे. अलास्का मरीन हायवे, म्हणजे ही सरकारी फेरीसेवा, १९६३ साली सुरू झाला, आणि नावाप्रमाणे तो तिकडचा रस्ताच आहे. जुनो ही त्या राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून मोटाररस्ता जात नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने. त्यामुळे फेरीवर शाळेची पोरं असतात, बाजार करून परतणारी माणसं असतात, कुत्री आणि ट्रक असतात. केबिन घेतली नाही तर वरच्या डेकवर मागच्या बाजूला एक अर्धवट उघडा मंडप आहे, त्याला सोलॅरियम म्हणतात. छताला विजेच्या शेगड्या लावलेल्या, खाली प्लास्टिकच्या आरामखुर्च्या. माणसं त्या खुर्च्यांवर झोपायच्या पिशव्या पसरून झोपतात. काही जण उघड्या डेकवर तंबू ठोकतात, आणि लोखंडात खुंटी मारता येत नाही म्हणून तंबू चक्क रुंद चिकटपट्टीने डेकला चिकटवतात. रात्री वारा सुटला की पट्टीची टोकं फडफडतात आणि मालक उठून पुन्हा चिकटवत बसतो. एक म्हातारा तर पट्टीचं भेंडोळं उशाशी घेऊनच झोपला होता.

हे मी अक्काला दोन ओळींत लिहिलं होतं. आणि मेंडनहॉलच्या हिमनदीवर अडीच पानं. पहाटे जुनोच्या धक्क्याकडे येताना ती बोटीवरूनच दिसते. मी थंडीने काकडत उभी राहून शब्द जुळवत होते, हिरव्या-निळ्या रंगाला नाव शोधत होते. अक्काचं उत्तर आलं. हिमनदीबद्दल एक अक्षर नाही. ‘डेकवर झोपलीस तेव्हा चपला कुठे ठेवल्यास?’ कारण कोकण बोटीत आमच्या आईच्या चपला गेल्या होत्या आणि ती भाऊच्या धक्क्यावर अनवाणी उतरली होती. ही गोष्ट मला साठ वर्षांत कुणी सांगितली नव्हती. तीन पानं भरून आली, चपलांच्या निमित्ताने.

तेव्हा सासूबाईंना काय लिहायचं ते तुम्हाला कळलं असेल. कुठे झोपलात, काय खाल्लंत, शेजारी कोण होतं, अंथरूण ओलं झालं का, संडास किती लांब. बोट कुठे लागली तेही लिहा, म्हणजे कोणाला लागली. ती वाट बहुतेक बेटांच्या आडोशाने जाते, पाणी तळ्यासारखं. पण व्हँकुव्हर बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंडमध्ये, आणि पुढे केचिकन या अलास्कातल्या बंदराच्या अलीकडे डिक्सन एन्ट्रन्समध्ये, थोडा वेळ उघडा समुद्र लागतो. तिथे मी आडवी झाले. लेक ऐटीत फिरत होती, नंतर तीही आडवी झाली. अक्काने हे पत्र शेजारणीला वाचून दाखवलं म्हणे.

आता त्या रानाबद्दल. ते मोठं आहे, खरंच मोठं. टाँगस नावाचं ते राखीव जंगल जवळजवळ १ कोटी ७० लाख एकरांचं आहे, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं. पण ‘मोठं’ हा शब्द पाकिटात घातला की लहान होतो. त्याच्याही अलीकडे, कॅनडाच्या हद्दीतल्या ग्रेनव्हिल चॅनेल या चिंचोळ्या वाटेत, मी दोन तास कठड्याशी उभी होते. दोन्ही बाजूंना सरळ पाण्यात उतरलेले डोंगर, काळीकुट्ट सूचिपर्णी झाडं, वरून धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा, आणि घर नाही, धूर नाही, होडी नाही. वहीत लिहिलं : ‘दोन तासांत एकही वाळत घातलेलं कापड दिसलं नाही.’ त्यावर अक्काने उत्तरात दोनदा खूण केली होती.

झेंडा बघा आणि सासूबाईंना कळवा. अलास्काच्या निळ्या झेंड्यावर सप्तर्षी आहेत आणि ध्रुव. १९२७ साली शाळेतल्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली होती, त्यात अनाथाश्रमात वाढणाऱ्या एका मुलाने काढलेलं चित्र निवडलं गेलं. गंमत अशी की जूनमध्ये तुम्हाला सप्तर्षी झेंड्यावरच दिसतील. जुनोला त्या दिवसांत सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि चारच्या आत उगवतो. मधेही पुरता काळोख होत नाही. मी रात्री साडेअकराला चश्मा लावून, दिवा न लावता पत्र लिहिलं. वर तारीख टाकताना आजची की उद्याची तेच कळेना. घड्याळाचंही लिहा : अलास्का उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. मिरजेत सासूबाईंची तिन्हीसांजेची दिवाबत्ती होत असेल तेव्हा तुमच्याकडे त्याच दिवसाची सकाळ उजाडलेली असेल.

देवमासे दिसतील. पाठीला बाक देऊन बुडी मारणारा हंपबॅक जातीचा देवमासा उन्हाळ्यात अलास्काला येतो तो पोट भरायला. हिवाळ्यात त्यातले पुष्कळ हवाईला जातात, तिथे माद्या वितात आणि महिनोन्‌महिने जवळजवळ उपाशी राहतात. म्हणजे बाळंतपण एकीकडे आणि जेवण दुसरीकडे. सासूबाईंना हे नक्की लिहा, त्यांचं यावर मत असेल.

रँगेलला उतरायला मिळालं तर धक्क्यावर पोरं टेबल मांडून बसलेली दिसतील. लालसर जांभळे गार्नेटचे खडे विकतात, आपल्याकडचा गोमेद त्याच कुळातला. जवळच्या खडकातून हातोडीने काढतात. १९६२ साली मालकाने तो खडक गावच्या मुलांसाठी देऊन टाकला, तेव्हापासून हा धंदा पोरांचा. मी एक खडा घेतला. दर कमी कर म्हटलं तर आठ वर्षांची पोर हसली आणि नाही म्हणाली. मालवणच्या कोळणीची आठवण झाली.

त्यानंतर पीटर्सबर्गच्या आधी रँगेल नॅरोज येते. बावीस मैलांची चिंचोळी वाट, भरतीची वेळ साधून बोट आत घालतात, लाल-हिरव्या खुणांमधून नागमोडी काढतात. तेवढा वेळ सगळे प्रवासी गप्प असतात. मी तिथे काहीच लिहिलं नाही, नुसती बघत बसले. तेही चालतं.

लिहिण्याची रीत विचारलीत म्हणून सांगते. एका बैठकीत मोठं पत्र लिहू नका. रोज दोनदा-तीनदा पाच-सहा ओळी, वर वेळ आणि जागा. ‘शनिवार, दुपारी चार, पाऊस, बेला बेला मागे पडलं.’ पुढे काय होणार ते माहीत नसताना लिहिलेलं असतं, म्हणून वाचणाऱ्याला तुमच्याबरोबर थांबावं लागतं. सुरुवात खुशाल ‘तीर्थरूप आईंस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशी करा. आपल्या जुन्या मायन्याला लोक हसतात, पण तो लिहून होईपर्यंत हात चालू होतो. त्यांच्या भिंगाचा विचार करून अक्षर मोठं काढा, आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहा. पातळ कागदावर मागचं अक्षर उमटलं की भिंगातून दोन्ही ओळी एकदम दिसतात.

पेन साधं बॉलपेन. जेलपेन नको, शाईचं तर नकोच. केचिकनला वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ आपल्या रत्नागिरीइतकाच. फरक एवढाच की आपला चार महिन्यांत उरकतो, त्यांचा बारा महिने पुरतो. पावसाळ्यात भिजून आलेल्या पाकिटांवरचे पत्ते उलगडण्यात माझी निम्मी नजर गेली. ‘श्री.’ आणि शेवटचा ‘गिरी’ तेवढा उरलेला असायचा.

आता टाकायचं कुठे. इथे माझा खात्यातला जीव जागा होतो. आम्ही गेलो तेव्हा बोट शुक्रवारी संध्याकाळी बेलिंगहॅमहून सुटली. केचिकनपर्यंत ३८ तासांच्या आसपास लागतात, म्हणजे रविवारची सकाळ. केचिकनचं मोठं पोस्ट ऑफिस बोटीच्या धक्क्याला लागूनच आहे. मी रेनकोट घालून, पत्र छातीशी धरून धावत गेले. रविवार! दार बंद. आयुष्यभर रविवारी पोस्ट बंद ठेवलं, आणि त्या दिवशी काचेला नाक लावून मीच आत बघत उभी. रँगेल रविवारी, पीटर्सबर्ग रविवारी. जुनोला सोमवारी पहाटे, पण तिथला फेरीचा धक्का ऑक बे इथे, गावापासून चौदा मैलांच्या आसपास लांब. शेवटी सगळी पत्रं स्कॅगवेला मंगळवारी टाकली. वेळापत्रक दर मोसमात बदलतं, तेव्हा तुमचं नीट बघून घ्या. पण तिकिटं मात्र बेलिंगहॅम सोडायच्या आधीच घेऊन ठेवा. परदेशी पत्राचं तिथलं तिकीट गोल असतं. एक औंसापर्यंतच्या साध्या पत्राला एक पुरतं, कुठल्याही देशात. पोस्टकार्डालाही तेच लागतं.

पाकिटावर पत्ता इंग्रजी अक्षरांत, शेवटी देशाचं नाव मोठं आणि ठळक, पिन कोड सुटा सुटा आणि स्पष्ट. आतलं सगळं मराठीत. माझी पत्रं रत्नागिरीला १९ दिवसांनी पोचली. मी त्याआधी घरी फोन करून सगळं सांगून झाले होते, तरी अक्काने ती नव्याने वाचली.

सासूबाईंना उत्तर पाठवायचं असेल तर तीही सोय आहे. तुमचं नाव, खाली ‘जनरल डिलिव्हरी, स्कॅगवे, अलास्का ९९८४०’ एवढा पत्ता पुरतो. पोस्टात पत्र ठेवून घेतात आणि ओळखपत्र दाखवलं की देतात. पण तुमच्या दिवसांत ते जमणार नाही. उत्तर सिअॅटलला मुलाच्या पत्त्यावर मागवा, आणि जायच्या आधी तो पत्ता लिहिलेली दोन-तीन पाकिटं नणंदेपाशी देऊन ठेवा. पहिल्याच पत्रात त्यांना एक प्रश्न विचारा : पडावातून बोटीत चढताना त्यांना कोणी धरलं होतं?

प्रश्न : पत्राच्या पाकिटात जंगलातलं एखादं पान किंवा शेवाळ घालून पाठवलं तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. पान, बी, माती, शेवाळ काही नको. त्यांच्या जंगलातून उचलूही नका आणि आपल्याकडे धाडूही नका, रोग-किडीची ने-आण अशीच होते. त्याऐवजी बोटीचं फाटकं तिकीट घाला, नाहीतर भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद. तिकडे भरती-ओहोटीत वीस-वीस फुटांचा फरक पडतो. बोटीतून उतरायचा उतार सकाळी सपाट असतो आणि दुपारी जिन्यासारखा उभा. कोकणातला माणूस तो कागद अर्धा तास वाचेल.

प्रश्न : काकू, मी २४ वर्षांची, नॉर्वेत ट्रॉम्सोला भूगर्भशास्त्र शिकते. फेब्रुवारीत किनाऱ्याच्या बोटीने किर्केनेसला जाणार आहे. आई पुण्यात एकटी असते आणि फार काळजी करते. तुमचं वाचून तिला पत्र लिहावंसं वाटतंय. पण वर बॅरेन्ट्स समुद्रात हिवाळ्यात बोट फार हलते असं सगळे सांगतात. भीती वाटली, आजारी पडले, तर ते लिहू का? की ‘सगळं छान’ लिहू?
— एक विद्यार्थिनी, ट्रॉम्सो

उत्तर : पोरी, तू ज्या बोटीने जाणार आहेस ती वाट मुळात पत्रांसाठी सुरू झाली, हे तुला तिथे कोणी सांगितलंय का? १८९३च्या जुलैत रिचर्ड विट नावाच्या कप्तानाने ट्रॉन्डहाइम ते हॅमरफेस्ट अशी पहिली फेरी नेली, टपाल घेऊन. त्याआधी ट्रॉन्डहाइमचं पत्र हॅमरफेस्टला उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात पाच-पाच महिन्यांनी पोचायचं. बाकीच्या जहाज कंपन्या अंधारात त्या खडकांमधून बोट न्यायला तयार नव्हत्या. विटने वाटेची नोंद ठेवून, होकायंत्र आणि घड्याळावर बोट हाकून दाखवली. पत्र आठवड्यात पोचायला लागलं. आज तीच वाट बर्गनपासून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेत जाते. माझ्या खात्यात याला कोणी पदक दिलं नसतं, फक्त ‘वेळेत बटवडा झाला’ असा शेरा मारला असता.

आता तुझा प्रश्न. खरं लिही. पण कसं, ते सांगते.

मी ज्या लिन कॅनॉल नावाच्या खाडीतून स्कॅगवेला गेले, तिथे १९१८च्या ऑक्टोबरमध्ये ‘प्रिन्सेस सोफिया’ नावाची बोट बुडाली. २३ तारखेला रात्री स्कॅगवेहून निघाली, बर्फाच्या वादळात पहाटे दोनच्या सुमारास व्हँडरबिल्ट खडकावर चढली आणि तिथेच अडकून राहिली. मदतीच्या बोटी आल्या. पण समुद्र इतका खवळलेला, की माणसं होड्यांत उतरवणं जास्त धोक्याचं, असं कप्तानाला वाटलं. जवळजवळ चाळीस तास ती बोट तशीच उभी होती. २५च्या संध्याकाळी वादळाने तिला खडकावरून ओढलं आणि ती गेली. साडेतीनशेच्या आसपास माणसं. एकही वाचला नाही, फक्त एक कुत्रा पोहत किनाऱ्याला लागला.

त्या चाळीस तासांत लोकांनी पत्रं लिहिली. त्यातली दोन नंतर प्रेतांच्या खिशांत मिळाली. एकाने ठरलेल्या बायकोला पत्र लिहून त्यातच मृत्युपत्र केलं. दुसरा सैन्यातला एक शिपाई, त्याने आईला लिहिलं. वारा केवढा आहे, किती लांबचं दिसतंय, मदतीच्या बोटींना काय जमलं नाही, असं सगळं नीट सांगून तो लिहितो की वादळ ओसरलं की आम्हाला उतरवून नेतील. मला त्याच्या पत्राचं फार वाटतं. आपल्याकडे १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांना कागद काढायलाही वेळ मिळाला नाही. आमच्या घरात पावसाळी बोटीचं नाव काढलं की आजी अजून उठून आत जायची.

भिऊ नकोस, तुझी बोट शंभर वर्षं नवी आहे. ही गोष्ट सांगितली ती त्या शिपायाच्या रीतीसाठी. त्याने आईला ‘मला फार भीती वाटतेय’ असं लिहिलं नाही आणि ‘सगळं छान’ असंही लिहिलं नाही. वारा किती, दिसतं किती, काय करतायत, पुढे काय होईल असं वाटतं. तूही तेच कर. ‘होनिंग्सवॉग सोडल्यापासून बोट हलतेय. जेवणघरात चारच माणसं आली. मी दोनदा ओकले, आता पाव आणि कोमट पाणी घेतलंय. शेजारच्या आजी विणतायत, त्यांचं काही बिघडलेलं नाही.’ तुझ्या आईला हे वाचून झोप लागेल. ‘सगळं छान’ वाचून मात्र ती रात्रभर जागी राहील, कारण तू लहानपणी पडून आलीस की हेच म्हणत असणार.

आणखी एक. पत्र पोचेल त्याच्या आधी तू सुखरूप किर्केनेसला उतरल्याचा फोन झालेला असेल. मग आईला भीती कशाची? ती आता गोष्ट झाली. कागदाच्या पत्राचा हा फायदा फोनला नाही.

प्रश्न : बाई, माझा मुलगा क्रूझवर किचनात कामाला आहे. एप्रिल ते ऑक्टोबर बोट अलास्काला असते. आठवड्याला फोन येतो, ‘बरो आसय, तुमी जेवलास?’ आणि बंद. त्याची आई विचारते, तिथे काय काय बघितलंस. तो म्हणतो, काय नाय. तुम्ही पत्रांबद्दल लिहिलंत म्हणून विचारतो, त्याला लिहितं कसं करायचं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : दादा, तो खरं बोलतोय. त्याने काय नाय बघितलेलं.

मी डेकवरून जो डोंगर बघत होते तो बघायला लोक पैसे भरतात. तुमचा मुलगा त्या वेळी खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या किचनात त्यांच्यासाठी कांदा चिरतोय. आठवड्याला सुट्टी नसते. आंतरराष्ट्रीय नियमाने बोटीवरच्या कामगाराला २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. यावरून उरलेल्या चौदांचं काय होऊ शकतं ते तुम्हीच बघा. केचिकनला बोट काही तास उभी असते, त्यात त्याला तास-दीड तास मिळाला तर तो धावत जाऊन साबण घेईल की तुम्हाला फोन करेल? तुमच्या वाट्याला जो ‘तुमी जेवलास?’ येतो तो त्या तासातून येतो.

तेव्हा ‘काय बघितलंस’ हा प्रश्न बंद करा. त्याला ठाऊक असलेलं विचारा. एका दिवसात किती अंडी फोडतात? खोलीत वरच्या बाकावर कोण, कुठल्या गावचा? तिथल्या रावस मासळीला, म्हणजे सालमनला, वास येतो का? (आपला रावस वेगळा, पण आमच्याकडचे बोटीवरचे पोरगे सालमनला रावसच म्हणतात.) कामगारांच्या जेवणात भात कोण लावतो आणि कसा होतो?

पुढच्या वेळी तो निघताना एक करा. घरचा पत्ता छापलेल्या वीस चिकटपट्ट्या त्याच्या बॅगेत टाका. पहिल्या बंदरात त्याला ती गोल तिकिटं एकदम वीस घ्यायला सांगा. दर वाढला तरी जुनी चालतात. मग त्याला फक्त पोस्टकार्ड घेऊन एक ओळ लिहायची आणि दोन गोष्टी डकवायच्या. पत्ता लिहायचा कंटाळा हा पत्राचा सगळ्यात मोठा शत्रू, हे मी चौतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

आणि आधी तुम्ही लिहा. कामगारांची पत्रं बंदरातल्या कंपनीच्या एजंटमार्फत बोटीवर जातात. ज्या ऑफिसातून तो भरती झाला तिथे पत्ता विचारा, आणि बोट त्या बंदरात येण्याच्या तीन-चार आठवडे आधी पत्र टाका. त्यात कलमांना मोहोर कधी आला ते लिहा, पेटीला काय दर लागला, कोणाची होडी फुटली.

उत्तर एका ओळीचं आलं तर नाराज होऊ नका. मनीऑर्डरच्या फॉर्मला तळाशी मजकुरासाठी बोटभर जागा असायची, तुम्हाला आठवत असेल. आमच्या गावचा एक गिरणी कामगार लालबागहून दर महिन्याला पैसे धाडायचा आणि त्या जागेत एकच ओळ लिहायचा : ‘म्हैस कशी आहे?’ त्याच्या बायकोला वाचता येत नसे, मी खिडकीतून वाचून दाखवायची आणि ती हसून अंगठा उठवायची. एका वर्षी म्हैस विकावी लागली. ती म्हणाली, बाई, एक कार्ड लिहून टाका त्याला. मी कार्डावर लिहिलं, ‘म्हैस विकली.’ पुढच्या महिन्याची मनीऑर्डर आली. पैसे नेहमीपेक्षा वीस रुपये जास्त, आणि खाली लिहिलेलं : ‘कोणाला दिली? दूध देते का त्यांच्याकडे?’